उतार चालेल

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा चहाच्या आधी गच्चीवर जातो. खाली पसरलेलं शहर बघतो, पाठीमागचा डोंगर बघतो, छाती भरून हवा घेतो आणि म्हणतो, "काय जागा शोधलीत वहिनी. निव्वळ महाबळेश्वर." मी हसते. घरी आलेल्या माणसापुढं आणखी काय करणार. मनातल्या मनात म्हणते, बाबा रे, तुझा दम खाली बसला की तू उतरून जाशील, आम्हाला इथंच राहायचंय.

औरंगाबादचा सातारा परिसर संपत आला की डोंगर सुरू होतो, आणि डोंगर सुरू झाल्यावरही ज्यांनी प्लॉट पाडायचे थांबवले नाहीत त्यांच्या कृपेनं आमचं घर आहे. प्लॉट विकणाऱ्याच्या फलकावर 'डोंगराच्या कुशीत' असं लिहिलेलं होतं. कूस वगैरे काही नाही. चढ आहे. बायपासवरून आत वळलं की दत्ताच्या देवळापर्यंत रस्ता शहाण्यासारखा येतो, आणि देवळापासून आमच्या गेटापर्यंत त्याच्या अंगात येतं.

डोंगरावर राहणं चांगलं की वाईट, यावर आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालू आहे. नवरा म्हणतो, चांगलं. तो वैजापूरचा, सपाट काळ्या रानात वाढलेला. तिथं उंच म्हणून काही असेल तर पाण्याची टाकी, त्यामुळं त्याला उंचीचं भारी अप्रूप. आणि खोटं कशाला बोलू, त्याचं अगदीच चुकीचं नाही. पावसाळ्यात खालच्या कॉलन्यांत लोकांच्या घरात पाणी शिरतं, आमच्या उंबऱ्याला ओल लागत नाही. डास नाहीत. मे महिन्यात खालचे लोक कूलरपुढून हलत नाहीत, तेव्हा आम्ही गच्चीवर वाऱ्यात जेवतो. पण पावसाचं पाणी जसं वर थांबत नाही, तसं नळाचं पाणी वर चढत नाही. टँकरवाला देवळापाशी उभा राहून हॉर्न बडवतो आणि आम्ही पाइपाला पाइप जोडत बसतो. घंटागाडी खालूनच गाणं वाजवून निघून जाते. सिलिंडर देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं, न्या आपलं आपण. शेजारच्यांच्या लग्नात वरातीची घोडी देवळापाशी जी अडली ती अडलीच. नवरदेव फेटा सांभाळत चालत वर आला, त्याच्या मागून नवरी शालू वर धरून आली, आणि घोडीवाला तंबाखू मळत म्हणाला, "जनावर हाय, त्याला कळतं." त्या दिवसापासून घोडीबद्दल मला आदर आहे.

हे सगळं मी कटकट करत का होईना, निभावलं. पाणी भरता येतं. सिलिंडर ढकलत आणता येतं. पण मग मामा इथं राहायला आले.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. उभा जन्म एसटीत कंडक्टर, वैजापूर डेपोला. सासूबाई गेल्या, भाड्याचं घर सोडलं, आणि नवऱ्यानं त्यांना इकडं आणलं. स्टँडवरून केलेली रिक्षा देवळापर्यंत आली आणि तिथंच थांबली. मामा पिशवी खांद्याला लावून चालायला लागले. निम्म्यात थांबले, मागं वळून बघितलं आणि मला म्हणाले, "बाई, ह्या घाटाचं नाव काय?"

मी हसले. ते पण हसले. कन्नडचा घाट त्यांनी कितीदा केला असेल याला गणती नाही. बसायला जागा नसायची, तिकिटं फाडत उभ्यानंच चढायचे आणि उभ्यानंच उतरायचे. म्हणायचे, "घाट आपल्या पायात हाय." शहराचं नाव पाट्यांवर बदललं तरी त्यांच्या तोंडात औरंगाबादच राहिलं, आणि नोकरी संपली तरी हातातली बेल गेली नाही. रोज संध्याकाळी चहा झाला की चप्पल घालायचे, गेटाबाहेर जायचे आणि बोटातल्या अंगठीनं लोखंडी गजावर दोनदा वाजवायचे. टण टण. ज्यानं एसटीनं प्रवास केलाय त्याला सांगायला नको. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मला सुरुवातीला वाटायचं कुणीतरी आलंय. मी धावत बाहेर यायची, तोपर्यंत मामा उतरणीला लागलेले आणि इकडं गॅसवर दूध उतू गेलेलं.

"मामा, जायचंय तर गुपचूप जा की," मी एकदा वैतागून म्हटलं.

"बेल दिल्याबिगर गाडी हालत नसती बाई."

खाली बायपासच्या कडेला एक चहाचं हॉटेल आहे. तिथं त्यांना त्यांचे जुने ड्रायव्हर भेटले. कन्नडच्या फेरीला वर्षानुवर्षं एकाच गाडीवर होते दोघं. ड्रायव्हर आता खालच्याच कॉलनीत मुलाकडं राहतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणायची रीत आहे, म्हणून चाचा मामांना मास्तर म्हणतात, आणि मामा त्यांना उस्ताद. दोघांत एक चहा घेऊन बाकड्यावर बसायचे. मी एकदा भाजी घेऊन येताना मुद्दाम बघितलं, काय एवढं बोलतात म्हणून. काही बोलत नव्हते. बायपासवरून जाणाऱ्या गाड्या बघत होते. एक एसटी गेली तेव्हा चाचा म्हणाले, "क्लच गया इसका," आणि मामांनी मान हलवली. एवढंच. पण तेवढ्यासाठी मामा दुपारपासून कपडे करून बसायचे, आणि घरी परत आले की मटकीच्या उसळीलासुद्धा चांगलं म्हणायचे. सासूबाई गेल्यावर त्यांचं काही उरलं असेल तर ते बाकडं होतं, हे मला फार लवकर कळलं.

मग त्यांना दम लागायला लागला. दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या. तरुण डॉक्टर, पुढं पेशंटची रांग, औषधं लिहिता लिहिता म्हणाले, "हृदय थकलंय. चढ टाळायचा, बाबा."

मामांनी विचारलं, "आन उतार?"

"उतार चालेल."

माझ्या तर कपाळावर हात मारायची वेळ आली. डॉक्टरच्या डोळ्यापुढं कुठलीतरी लिफ्टची बिल्डिंग असणार. त्यांना काय ठाऊक, आमच्याकडं जो उतार आहे तोच परत येताना चढ असतो म्हणून. पण मामांना तेवढं पुरलं. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाले, "डॉक्टरनं काय सांगितलं? उतार चालंल." पास मिळाल्यागत खूश.

"आणि वर कोण आणणार?" मी विचारलं.

"परतीच्या गाडीचं परतीच्या टायमाला बघू."

समोरच्या काकू चौकशीला आल्या. "कसंय मामा? आहे का काही उतार?" म्हणजे दुखणं कमी आहे का, असं त्यांना विचारायचं होतं. मामा म्हणाले, "उतारच उतार हाय. चढाचीच अडचण हाय." काकूंना कळलं नाही. मी आत जाऊन हसून घेतलं, आणि हसता हसता मला रडायला आलं, ते वेगळं.

परतीच्या गाडीचं मी बघायला लागले. रिक्षावाल्यांना हात जोडले. त्यांचं एकच, देवळापर्यंत म्हणाल तिथं, पुढं नाही. एक जण खरं बोलला, "ताई, मागं पॅसेंजर बसला की माझं पुढचं चाक उचलतं. म्हाताऱ्या माणसासकट मागं पलटी झाली तर?" नवरा बिडकीनला कंपनीत, त्याची शिफ्ट सुटून तो येईपर्यंत अंधार होतो. राहिले मी आणि माझी स्कूटी. काही दिवस जमलं. मामा मागं बसायचे, माझ्या खांद्याला न धरता सीटच्या मागचा गज धरायचे, सुनेला हात कसा लावायचा म्हणून. मी किती वेळा सांगितलं, मामा, धरा हो. शेवटच्या वळणावर मुरूम सुटलेला होता, चाक घसरलं आणि आम्ही दोघं आडवे. फार लागलं नाही. मामा उठून बसले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "ब्रेकडाउन." एकटी असले की मी अजूनही चढवते. मागं माणूस बसला की माझ्याच्यानं होत नाही.

रस्त्यासाठी महापालिकेत अर्ज केले. बघू म्हणाले. मग निम्म्या चढावर सिमेंट पडलं, आणि ते इतकं गुळगुळीत पडलं की पाऊस झाला की त्याच्यावरून मांजरही घसरतं. शेजाऱ्यांकडं जीप आहे. ते भले लोक आहेत, बोलावलं की येतात. पण रोज संध्याकाळी कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? मग कधी जीप, कधी मीच खाली जाऊन मामांना थांबत थांबत वर आणायची. घर विकून खाली जाऊ म्हटलं. घर बघायला येणारे देवळापाशी गाडी लावतात, चालत वर येतात, गच्चीवर जातात, महाबळेश्वर म्हणतात आणि परत फोन करत नाहीत.

एका संध्याकाळी टँकर उशिरा आला. मी पाइप धरून उभी, मामांना आणायला खाली जायचं राहून गेलं. जीपवाले गावाला गेलेले. मामांनी बाकड्यावर वाट बघितली असणार, आणि मग चालायला लागले. मी धावत निघाले तेव्हा ते निम्म्या चढावर एका वाळूच्या ढिगावर बसलेले होते. ओठ काळेनिळे, सदरा घामानं भिजलेला. मला बघून बोलायला गेले, आवाज फुटेना. थोड्या वेळानं म्हणाले, "गाडी गरम झाली."

दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आणलं त्या दिवशी नवऱ्यानं वडिलांना सांगितलं, "अण्णा, आता खाली जायचं नाही. उतार पण नाही आन काही नाही." मामांनी ऐकून घेतलं. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. मी नवऱ्याशी भांडले, म्हटलं माणसाला असं कोंडून ठेवतात का. तो म्हणाला, "मग तू सांग काय करायचं." त्याचे डोळे भरलेले होते, त्यामुळं मला धड भांडताही आलं नाही.

जीपवाल्यांना सांगून एकदा चाचांना वर आणलं. दोघं ओट्यावर बसले, मी भजी केली, चाचांनी सगळ्याची तारीफ केली. पण उतरताना चाचा जीपमध्ये पुढं बसले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. एवढा कन्नडचा घाट चालवलेला माणूस. खाली पोचल्यावर मला म्हणाले, "बेटी, ब्रेक दूसरे के पाँव में हो तो मेरेकू डर लगता." त्यांच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, कुठं वळण आहे ते कळत नाही, आणि शेजारी कुणी विशीतला पोरगा चालवतोय. पुन्हा या म्हणायला मला तोंड नव्हतं. फोन लावून द्यावा तर मामांना फोनवरचं ऐकू येत नाही. चाचा इकडून ओरडणार, मामा तिकडून "हॅलो, हॅलो" करणार आणि शेवटी दोघंही माझ्याकडंच निरोप देणार, "त्यांना सांग, बरंय म्हणून."

मग त्यांनी त्यांचं शोधून काढलं. मला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही.

एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि गेटावर बेल वाजली. एकच. मी दचकले, कारण मामा नेहमी दोन वाजवायचे. बाहेर येऊन बघते तर मामा गेटाला धरून उभे आणि खाली बघतायत. देवळापाशी रिक्षा थांबली होती आणि चाचा भिंतीला धरून कठड्यावर बसत होते. त्यांना वरचं काही दिसत नव्हतं. पण कान शाबूत होते. आमच्या चढावर एरवी आवाज कसला असणार, लोखंडावर लोखंड वाजलं की थेट देवळापर्यंत जातं. चाचांनी आवाजाच्या दिशेनं हात वर केला. मामांनीही हात वर केला, चाचांना तो दिसणार नव्हता तरी. मग मामा खुर्चीवर बसले, चाचा कठड्यावर. मध्ये तो सगळा चढ. एकाला दिसत होतं, दुसऱ्याला ऐकू येत होतं, आणि दोघांचं मिळून भागत होतं. दिवस मावळतीला आला तशी मामांनी उठून दोन बेल दिल्या. चाचा उठले आणि रिक्षात बसून गेले.

त्यानंतर हे रोजचंच झालं. एक बेल, चाचा थांबायचे. दोन बेल, चाचा निघायचे. देवळात येणाऱ्या बायका मला विचारायच्या, ते मुसलमान बाबा रोज इथं कुणाची वाट बघतात. मी म्हणायची, वाट नाही बघत, ड्युटीवर आहेत. नवरा म्हणाला, "बघ, झाली ना सोय." मला त्याचा इतका राग आला. ही सोय होती का? दोन म्हातारी माणसं ओरडावं लागेल अशा अंतरावर बसलेली, एकमेकांच्या चहाची वाफ दिसायची नाही. पण मामा पुन्हा दुपारपासून कपडे करून बसायला लागले होते, आणि उसळीला चांगलं म्हणायला लागले होते, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

यंदा पावसाळा उलटल्यापासून मामांचे पाय सुजले. आधी गेटापर्यंत भिंत धरून जायचे, मग माझा हात धरून. शेवटी माझा हात धरला, संकोच न करता, तेव्हाच मला समजायला हवं होतं. परवा कसेबसे गेटापर्यंत आले ते शेवटचं, आता पलंगावरून उठणं होत नाही. डॉक्टर म्हणतात, वय आहे, आराम पडेल तेवढा पडेल. काकू विचारतात, उतार आहे का. मी नाही म्हणते.

पलंग खिडकीशी लावलाय, पण तिथून देवळाचा कळस तेवढा दिसतो, कठडा दिसत नाही. काल संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. आवाज इतका बारीक झालाय की पहिल्यांदा मला कळलंच नाही.

"बाई, उस्ताद आलाय का बघ."

मी गेटात जाऊन बघितलं. चाचा आलेले होते. नेहमीच्या जागेला भिंत धरून उभे होते, बसले नव्हते. एक बेल मिळाल्याशिवाय बसायचं कसं? मी आत येऊन मामांना सांगितलं.

"तिष्ठत ठिवू नको त्याला," मामा म्हणाले. "दोन दे. जाऊ दे घरी."

त्यांनी बोटातली अंगठी काढायला बघितली. बोट बारीक झालेलं, अंगठी आपोआप निघून माझ्या हातात आली. मी गेटापाशी गेले. इतकी वर्षं ऐकलेला आवाज, त्यात शिकायचं काय, असं वाटलं होतं. पण किती जोरात वाजवायचं, दोन्हींच्या मध्ये किती थांबायचं, हे मला ठाऊक नव्हतं. मी वाजवलं. टण टण. आवाज खाली गेला. चाचांनी मान वर केली.

ते निघाले नाहीत. तसेच भिंत धरून उभे राहिले. मी पुन्हा दोन दिल्या, जरा जोरानं. तरी ते हलले नाहीत. मग त्यांनी खिशातून फोन काढून डोळ्यांजवळ नेला, आणि माझा फोन वाजला.

"बेटी," चाचा म्हणाले, "ये मास्तरका हाथ नै है."

मी "हौ चाचा" म्हणाले. फोन कानाला धरून आम्ही दोघं उभे होतो, मी वर आणि ते खाली. आतून मामा विचारत होते, "गेली का गं गाडी?"